पुढची तारीख

खरं सांगू, त्या विमान कंपनीवर माहा काही राग नाही. मी अन् माही बायको बंगलोरले पोराकडे चाललो होतो, तं नागपूरले ऐन टायमावर त्यायनं विमानच रद्द केलं. पोरगा भडकला. म्हणे, "बाबा, आता आपल्या जिल्ह्यातच केस टाकता येते." यवतमाळच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकील न लावता आमच्यातर्फे तोच बोले. दर तारखेले यायचा, दोन दिवस दारव्ह्याले घरी राहायचा.

परवा आयोगाचे साहेब त्याले म्हणाले, "एवढ्या दुरून कशाला येता? पुढच्या तारखेपासून मोबाईलवरूनच बोला."

पोरगा खूश झाला. मागून माही बायको उठली.

"असं नका करू साहेब. मोबाईलवर तं तो आमाले रोजच दिसते."