थोरलीला सायकल हवी

युगांडातल्या बुसोगा भागात सरकारी दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी होती. बाकावर तपासणीलाच आलेल्या कागोयाच्या शेजारी दोन सवती बसल्या होत्या, थोरली नाईगागा आणि धाकटी टिबाकुली. कागोया दुसरीकडे बघत होती, कान मात्र इकडेच होते.

"मागच्या मंगळवारी त्यानं तुला सायकलवर बसवून आणलं म्हणे?"

"आणलं की, आक्का."

"सात बाळंतपणांना मी इथं चालत आले. आणि हिला सायकल!"

"मग आज कशाला आलात?"

"का नको? साखर आणली तरी तो दोन पुड्या आणतो, एक तुझ्या घरी, एक माझ्या. तुझी तपासणी झाली, तर माझीही व्हायलाच पाहिजे."

"तीन वर्षं नर्स दारात येऊन सांगत होती. तुम्ही रताळी सोलत बसायचात."

"तेव्हा तू कुठं केली होतीस? आत करतात तरी काय?"

"व्हिनेगर लावून बघतात. पुढं कॅन्सर व्हायची भीती असेल तर पांढरा डाग दिसतो."

"तुझं काय, छानच असणार सगळं. लाडकी ना!"

"मला डाग निघाला, आक्का."

थोरली बाकावरून तिच्याजवळ सरकली.

"नर्स म्हणाली, याचा संसर्ग नवऱ्याकडून लागतो, नवरा एकच आहे, थोरलीलाही आण. नुसतं 'चला' म्हटलं असतं तर आला असतात?"

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"अगं, सायकलवरनं त्यानंच आणलं ना तुला?"

"कसली सायकल! ती बातमी मीच पसरवली. चालतच आले मी."

आतून हाक आली, "नाईगागा!"

थोरली उठली.

"तरीच! तो मेला तुला तरी कसला बसवतोय सायकलवर! धर माझी पिशवी. आणि मी येईपर्यंत हलू नकोस इथनं."