घुमटाखालचा प्रश्न

बारकी : ताई, माझ्या आईला माझ्याबद्दल तू काय काय सांगितलंस गं?

ताई : अय्या, खरंच ऐकू येतंय की! तिकडच्या टोकाला तू बोटभर दिसतेस आणि आवाज मात्र थेट माझ्या कानात! गाइड थापा मारत नव्हता तर.

बारकी : मी प्रश्न विचारलाय.

ताई : हा कसला प्रश्न? त्या ढापणीने पैज लावलेली दिसतेय. सकाळपासून बसमध्ये तुमची खुसुरफुसुर चाललीच होती.

बारकी : हो, पैजच आहे. ज्याला तोंडावर विचारायची हिंमत होत नाही, त्याला घुमटाखाली भिंतीतून विचारायचं. सगळ्या म्हणाल्या, बारकीला जमायचं नाही, हिची तंतरेल.

ताई : मग जिंकलीस, शाब्बास! चल आता. बाकीच्या तटावर फोटो काढत सुटल्यात. मोठं माणूस सोबत हवं म्हणून तुमच्या शाळेने मला आणलंय, ते तुम्हाला हाकायला. भिंतीशी गप्पा मारायला नव्हे.

बारकी : उत्तर दिल्याशिवाय मी हलणार नाही. आणि हळू बोल. ओरडलीस की नुसता गोंगाट घुमतो. कुजबुजलीस की नीट येतं.

ताई : काय सांगणार मी मावशीला? दर रविवारी तिचा फोन येतो. बारकी कशी आहे, जेवते ना, झोपते ना. मी म्हणते, मजेत आहे. संपलं.

बारकी : मजेत असलेल्या मुलीचं परतीचं तिकीट काढतात होय? वर्ष संपायला अजून चार महिने आहेत आणि बाबा म्हणतात, येत्या शनिवारी घरी ये. परदेशात शिकणं पुरे झालं.

ताई : मोठ्यांचे निर्णय असतात गं ते.

बारकी : साळसूदपणा नको! सांगू, आई मला काय म्हणाली ते? तू सकाळच्या तासांना जात नाहीस. रात्री-बेरात्री एकटी भटकतेस. बेसिनपाशी उभी राहून काहीतरी तोंडात कोंबतेस. आणि दुपारपर्यंत पडदा ओढून अंथरुणात पडून असतेस.

ताई : तुझ्या शाळेतल्या कुणीतरी कळवलं असेल.

बारकी : शाळेतल्या कुणाला माझ्या आईचा नंबर ठाऊक आहे?

ढापणी : ए, मी भिंतीकडे पाठ करून बोलतेय हं. माझा हात भरून आलाय. अजून किती वेळ धरू?

बारकी : धर गप. हलवू नकोस.

ताई : कुणाशी बोलतेस?

बारकी : ढापणी आहे, खांबाआड उभी. तिला भूक लागलीय. ताई, एक सांग. माझ्या खिडकीला पडदा कुठाय?

ताई : म्हणजे?

बारकी : म्हणजे पडदा! कापडाचा! हॉस्टेलवर राहायला आले त्या दिवसापासून माझ्या खिडकीला नुसती दांडी आहे. रेक्टरबाई रोज म्हणतात, बघू, लावू. उजाडलं की ऊन थेट डोळ्यांत घुसतं. मी दुपारपर्यंत झोपायचं म्हटलं तरी सूर्य झोपू देईल का मला?

ताई : ...

बारकी : ऐकू येत नाहीये. भिंत बिघडली का?

ताई : बारकी, पुरे कर ना.

बारकी : पडदा तुझ्या खोलीत आहे. निळा, जाड. माझ्याच आईने शिवून दिलेला. बेसिनपाशी उभी राहून खातेस ती तू. सकाळी कॉलेजला जात नाहीस ती पण तूच. दर रविवारी तुझ्याकडे येते तेव्हा बघते ना मी. एकदा दार वाजवून वाजवून माझी बोटं दुखली. शेवटी उघडलंस तेव्हा उशीचे वळ होते तुझ्या गालावर. मला वाटलं, बरं नसेल. मी बिचारी तुझ्यासाठी सूप करत बसले!

ताई : छान केलं होतंस सूप.

बारकी : विषय बदलू नकोस! गटांगळ्या तू खातेयस आणि घरी बिल फाडलंस माझ्या नावाने. का? मी काय घोडं मारलं होतं तुझं?

ताई : काही नाही. तू काहीच केलं नव्हतंस.

बारकी : मग?

ताई : त्या रविवारी मावशीचा फोन आला. बारकी कशी आहे? बारकीला थंडी बाधत नाही ना? बारकी, बारकी, बारकी. मी म्हटलं, आज विचारेल, तू कशी आहेस गं? नाहीच विचारलं. मोठी ना मी. मोठ्यांचं नेहमी बरंच चाललेलं असतं. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, ती सकाळी उठत नाही. मावशी लगेच म्हणाली, अगं बाई, काय झालंय पोरीला? इतक्या मायेने म्हणाली! मग मी सांगतच सुटले. नाव तुझं घेत होते आणि सांगत होते माझं. सांगताना हलकं वाटत होतं.

बारकी : तुला हलकं वाटलं आणि माझं तिकीट निघालं.

ताई : दोन विषय राहिले माझे. मग कॉलेजला जायचंच सोडलं. माझ्या आईला वाटतंय, मी शेवटच्या वर्षाला आहे.

बारकी : आणि तिकीट निघालं तेव्हा? तेव्हा तरी बोलायचंस! एक फोन करायला काय जात होतं?

ताई : खरं सांगू?

बारकी : खोटं पुष्कळ झालंय.

ताई : वाटलं, जाऊ दे हिला. तू आलीस तेव्हा दुकानात पाव मागायला लाजायचीस, माझ्या मागे लपायचीस. आता तू फुटबॉलच्या टीममध्ये गोलकीपर. वर्गात हात वर करतेस. दर रविवारी माझ्याकडे येतेस, खुर्चीवर मांडी ठोकतेस, हे झालं, ते झालं, आणि बोलता बोलता सगळी खोली न्याहाळतेस. म्हटलं, ही गेली की मला बघणारं कुणी उरणार नाही.

आई : अगं पोरी... मला एकदा तरी सांगायचंस गं.

ताई : मावशी? बारकी, हा मावशीचा आवाज आहे. भिंतीतून मावशीचा आवाज कसा आला?

ढापणी : मेलो! दोन्हीकडून ऐकू जातं हे गाइडने सांगितलं होतं, आपणच विसरलो.

(ताई दालन ओलांडून धावत येते. ढापणीच्या हातात, भिंतीला टेकवलेला, स्पीकरवर चालू असलेला फोन आहे.)

ताई : तू मावशीला फोन लावून ठेवलास? मला भिंतीशी उभं करून?

बारकी : बाबा पण आहेत. पहिल्या प्रश्नापासून. ब्र काढायचा नाही म्हणून बजावलं होतं, पण आईला कुठलं राहवतंय.

ताई : इतकी कपटी कधी झालीस तू?

बारकी : माझ्या पाठीमागे, माझ्या आईच्या कानात, गुपचूप! कुणाकडून शिकले असेन?

ढापणी : मी तटावर जाते. मला फोटो काढायचेत.

बारकी : इथेच थांब. फोन धर.

बाबा : बारके, तुझं चुकलं नव्हतं, आमचं चुकलं. तुला न विचारता ठरवलं. तिकीट आत्ता रद्द करतो. आणि तुझ्या मोठ्या मावशीला लगेच फोन लावतो. लेक काय दिवे लावतेय ते कळू दे तिला. शनिवारी परत यायचंच असेल तर हिने यावं.

ताई : काका, नका ना. आई खचून जाईल.

बाबा : आमच्या पोरीच्या नावाने बोलताना आईची आठवण झाली नाही?

आई : अहो, जरा दमाने. रडतेय ती.

बाबा : रडू दे. बारके, सांग. लावू फोन? तू म्हणशील तसं.

ढापणी : हो म्हण! महिनाभर उशीत तोंड खुपसून रडलीस. बस आली की खिडकीत बसून म्हणायचीस, जो कोण असेल त्याला सोडणार नाही. हो म्हण ना!

बारकी : रडले नाही मी. जराशी रडले.

ताई : म्हण हो. माझ्याकडे बघू नकोस, म्हणून टाक.

बारकी : तुझ्याकडे बघतच म्हणणार आहे. तुला तेच नको होतं ना, कुणी बघणं?

(बारकी फोनकडे वळते.)

बारकी : बाबा, फोन तुम्ही लावायचा नाही.

बाबा : सोडून देतेस तिला?

बारकी : छे! सोडतेय कसली? तुम्ही तिला घरी नेलंत की ती सुटली. मोठी मावशी दोन दिवस चिडेल, तिसऱ्या दिवशी लाडू भरवेल. माझा महिना गेलाय त्यात. याचा वचपा मीच काढणार, आणि इथेच.

आई : बारके, काय बोलतेस हे?

बारकी : नीट ऐका दोघं. आई, बाबा, माझं ठरलंय. मी वर्ष पुरं करणार. शनिवारी विमानतळावर कुणी यायचं नाही, कारण कुणी येणारच नाहीये. मोठ्या मावशीला फोन ताईच लावेल, आज, बसमध्ये, माझ्या शेजारी बसून. एक शब्द गाळला तर तो मी सांगेन. उद्यापासून शाळेत जाताना रोज मी तिचं दार वाजवणार. दार उघडलं नाही तर ढापणीला घेऊन वाजवणार, आणि ही लाथेने वाजवते. कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून मग मी शाळेत. राहिलेले दोन्ही विषय ती माझ्यासमोर बसून करेल.

ताई : मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे.

बारकी : मग लाज वाटेल. वाटू दे. आणि आई, रविवारी तू फोन करशील तेव्हा आधी तिला विचारायचं, तू कशी आहेस. ती म्हणेल, बरी आहे. मग फोन माझ्याकडे. तिचं खरं मी सांगणार, तिच्यादेखत.

आई : बरं, विचारेन. तिलाच आधी विचारेन.

बाबा : एवढंच ठरवलंयस, की आणखी काही?

बारकी : एकच. संध्याकाळी परत पोचलो की आधी ताईच्या खोलीवर जाणार. तो निळा पडदा मी घेऊन जातेय.