राखून ठेवलेली जागा

नोकरी गेलेल्यांची ओळखपत्रं जमा करणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही, पण कान रांगेतल्या मेव्हण्या-दाजींकडे होते.

"दाजी, कंपनीचा डेटा साठवणारं स्टोरेज मशीन बंद पडलं त्यात तुमचा काय दोष?"

"कारण सापडलं नाही, म्हणून खापर माझ्या माथी."

"का नाही सापडलं?"

"मशीन मरताना मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवतं. डंप म्हणतात. आमच्याकडचं पोस्टमॉर्टेमच ते! पण अर्धंच उतरलं."

"अर्धंच?"

"डंपसाठी राखलेली जागा भरली होती. साहेबच म्हणाले होते, रिकामी कशाला अडवतोस, समारंभाचे फोटो टाक तिथे."

"आणि तुम्ही टाकलेत?"

"मुकाट्यानं. पहिल्याच फोटोत मी आहे. साहेबांच्या हातून उत्कृष्ट कर्मचाऱ्याचं बक्षीस घेताना."