हळू वाच, कोतवाल

मंडळी, गावातले अन् तांड्यावरचे सारे मायबाप हो, हातचं काम टाकून तुम्ही आज चावडीवर जमले. मी या गावचा कोतवाल. इतकी वर्षं दवंडी देऊन राह्यलो, पण आजची दवंडी सरकारची नाही. थकलो मी. तरी बोलतो, कारण मी नाही बोललो तर खोटं होईन.

परवा आपली सोमलीबाई गेली. तापाचं निमित्त झालं. तांडा तिले याडी म्हणे, म्हणजे माय. मी बाई म्हणायचो.

रेशनची यादी या चावडीवर वाचाची आपली पद्धत आहे. मी नाव घेतो, घरचा माणूस 'हाये' म्हणतो. कोणी बोललं नाही, की मी फुली मारतो. फुली पडली, की धान्य बंद. अन् यादी वाचाची कधी? दिवाळी झाल्यावर. तवा अर्धा तांडा ऊसतोडीले गेलेला राहते.

मग त्याहिच्यासाठी कोण बोले? ही बाई. या पायरीवर बसून, सुपारी कातरत. "हाये. कोयता घेऊन गेला, मेला नाही." मी म्हणायचो, बाई, हे नियमात बसत नाही. ती म्हणे, "मंग नियमाले सांग, उन्हाळ्यात ये. तवा सारे घरी भेटतीन." आपण हसायचो, मंडळी. पण तिचा अर्ज तोच होता. यादी पावसाच्या आधी वाचा, अन् बाहेर गेलेल्यासाठी शेजाऱ्याचा शब्द धरा. एवढंच. हे एवढंच घेऊन ती किती खेपा उमरखेडले तहसीलीत गेली? साहेब बदलले, अर्ज तोच राह्यला.

परसाल ती स्वतःच सुनेसंगं ऊसतोडीले गेलती. पायरी रिकामी होती. मले घाई होती, मी भरभर वाचलं. सात घरांवर फुल्या मारल्या. आठवी तिच्या नावावर. ती साऱ्यांसाठी बोलली होती, मंडळी. तिच्यासाठी आपल्यातला एकही बोलला नाही. तुम्ही नाही, मी नाही. मले तर ती कुठं गेली हे माहीत होतं.

ती परत आली. भांडली नाही. म्हणे, "हळू वाचत जा, कोतवाल."

मंग पुन्हा खेपा सुरू. सात घरांचे कागद वर, तिचा सर्वांत खाली. मी म्हटलं, बाई, तुमचा कागद मांगं काहून? "त्याहिची लेकरं लहान हायेत. मले काय, एक भाकर लागते." सात नावं परत आली. तिचं चौकशीत राह्यलं. वर्षभर परक्याचं निंदण करून तिनं विकतची ज्वारी खाल्ली, अन् मले रस्त्यात भेटली की चहा प्यायला का म्हणून विचारे.

माणूस मेलं, की यादीतून नाव कमी कराचं, हे माह्यं काम. पण तिचं नाव यादीत आहेच कुठं कमी कराले?

म्हणून आज एक काम करतो. तिचं नाव एकदा वाचतो. हळू वाचतो. तुम्हाले काय म्हणाचं ते ठाऊक आहे. ते म्हणा, अन् मंग दोन मिनिटं कोणी बोलू नका.

सोमली गणपत राठोड.