बाईंच्या वर्गात बोलणारा नवरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांनी वाचनालयाची वरची खोली आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला दिली आणि तिथला पंखा दुरुस्त करून देतो असं दरवर्षी सांगितलं. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई. आणि समोर बसलेले, माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच अडखळणारे विद्यार्थी बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझं इस्त्रीचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली. हे भाषण मी दुकानातल्या पावत्यांच्या मागे लिहून आणलंय, तेव्हा मध्येच ‘दोन शर्ट, एक चादर’ असं काही ऐकू आलं तर समजून घ्या.

बाईंबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. बोलते. पण बाईंचा मला हेवा वाटतो, तो आधी बोलते. पोटात ठेवून गोड बोलायला मला जमत नाही.

आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. लिफ्ट मध्येच बंद पडली की आत माणसं अडकतात, घाबरतात, दार ठोकतात. दार उघडेपर्यंत बाहेरून त्यांच्याशी बोलत राहायचं, त्यांना धीर द्यायचा, हेसुद्धा यांचं काम. एकदा आतली एक परदेशी बाई रडत रडत इंग्रजीत काहीतरी विचारत होती आणि यांना उत्तर देता येईना. दुसऱ्याच दिवशी यांनी बाईंच्या वर्गात नाव घातलं. मी म्हटलं, “घाला. घरी मराठीत बोलत नाही, तिथे इंग्रजीत काय बोलणार?”

खोटं नाही सांगत. आमच्या घरात यांचे शब्द तीन. ‘हं’, ‘बघू’ आणि ‘वाढ’. पाहुणे आले तर ‘या’ धरून चार.

मग घरात अभ्यास सुरू झाला. आरशासमोर उभं राहून खालचा ओठ वरच्या दातांखाली धरायचा आणि माशी गुणगुणावी तसा आवाज काढायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून फुंकर मारायची. पट्टी हलली की शब्द बरोबर, नाही हलली की चूक. मी म्हणायची, अहो, भाजी जळतेय. तर हे म्हणायचे, “बाई म्हणतात, रोज केलं पाहिजे.” बाई म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, ‘ही म्हणते’ असं यांनी कधी कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. वर्गाच्या दिवशी दाढीसुद्धा दोनदा व्हायची.

तरी मी काही बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

पण एक दिवस मेडिकलवाल्या वहिनी दुकानात आल्या. त्याही याच वर्गातल्या, आत्ता पाण्याचा पेला तोंडाला लावून बसल्यात त्या. कपडे काउंटरवर ठेवता ठेवता म्हणाल्या, “ताई, भाऊंचा गुडघा कसा आहे आता?”

“कुणाचा गुडघा?”

“भाऊंचा हो. जिना चढताना दुखतो ना. काल वर्गात सांगत होते. आणि लिफ्टखालच्या त्या खड्ड्यात उतरायची त्यांना अजून भीती वाटते म्हणे. मला तर बाई ऐकून कसंतरीच झालं.”

मंडळी, त्या खड्ड्यातलं काळं ग्रीस यांच्या कपड्यांवरून कोण काढतं? मी काढते. आणि भीती कळली कुणाला? मेडिकलमध्ये. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची उशीची खोळ जळली. ते गिऱ्हाईक आज सभागृहात आहे. खोळ कशानं जळली ते आता त्यांना कळलं असेल.

जेवताना मी यांना विचारलं, “गुडघा दुखतो तुमचा?”

“हं.”

“मग मला नाही सांगायचं?”

“बघू.”

पुढच्याच आठवड्यात मी वर्गात नाव घातलं. इंग्रजी शिकायला कोण जातंय? मी पाळत ठेवायला गेले.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून बाईंची रीत सांगते. खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकानं आपल्या दिवसाबद्दल बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. आपलं काही घुसडायचं नाही. मग ऐकणाऱ्यानं उभं राहून सगळ्या वर्गाला सांगायचं, ‘ही सेड’, म्हणजे हे असं असं म्हणाले. यातच व्याकरण आलं, यातच बोलणं आलं. आणि कुणाच्या तोंडून मराठी निघालं की बाई टेबलावर पेन वाजवणार. टक टक. त्या पेनानं माझ्याइतका जाच कुणालाच झाला नसेल.

माझी जोडी बाईंनी लावली सलूनवाल्या दादांशी. माणूस सज्जन आहे, पण त्यांच्या दिवसात केसांच्या रंगाशिवाय काही घडत नाही. आणि खोलीच्या त्या टोकाला, खिडकीपाशी, आमचे हे. समोर मेडिकलवाल्या वहिनी, नाहीतर एखादं माणूस कमी पडलं तर स्वतः बाई. यांचे हात हलतायत, मान हलतेय. एकदा तर हसले. चांगले तोंड उघडून, अक्कलदाढ दिसेपर्यंत. आणि मी इकडे केसांचा रंग ऐकतेय. एवढ्या कलकलाटात तिकडचं एक अक्षर कानावर येईल तर शपथ.

मग सगळं कळायचं ते दुसऱ्यांच्या तोंडून. वहिनी उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, हे म्हणाले, लहानपणी मी कबुतरं पाळली होती. हे म्हणाले, मला पोहायला शिकायचंय. या वयात, आणि मला न विचारता. माझा नवरा मला भाषांतरातून, तेही मोडक्या, हप्त्याहप्त्यानं मिळत होता. सांगा, कुठली बाई हे सहन करेल?

मी सरळ बाईंकडे गेले. “बाई, मला यांच्यासमोर बसवा.”

“नवरा-बायकोची जोडी मी लावत नाही.”

“का म्हणून?”

“घरातलं माणूस कसं असतं, समोरच्याचं वाक्य—”

“पुरं ऐकत नाही, असंच ना? मी ऐकते.”

बाई हसल्या. का हसल्या ते मला घरी पोहोचल्यावर कळलं. मग राग आणखी वाढला.

वर्षभर मी तोंड वाजवलं, बाई ढिम्म. मग परवा शेवटचा तास आला. बाईंनी विचारलं, आज काय करूया? कुणी म्हणालं गाणी म्हणू, कुणी म्हणालं फोटो काढू. मी म्हटलं, जोडी. बाईंनी माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि माझी खुर्ची स्वतः उचलून खिडकीपाशी नेली.

हे बोलायला लागले. इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द चाचपून. म्हणाले, आज एका इमारतीत एक आजोबा आणि त्यांची नात अडकली होती. मी दाराबाहेरून सांगत होतो, मी इथेच आहे, कुठे जात नाही. दार उघडल्यावर त्या पोरीनं विचारलं, तुम्ही कुणाशीही इतकं बोलता का? मग हे थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, “संध्याकाळी तू दुकानाचं शटर ओढतेस, तेव्हा मला...”

आणि अडकले.

आमचं दुकान खाली, घर वर. शटर असं गंजलंय की ओढलं की सगळ्या गल्लीला कळतं, मी दुकान बंद करून वर निघाले. वाक्याचा शेवट मला माहीत होता. डोकं उठतं. तो माझ्या जिभेवर तयार होता, मराठीत. पण बाई पेन घेऊन आमच्या शेजारीच टेबलाशी उभ्या, आणि डोकं उठण्याचं इंग्रजी मला येत नव्हतं. बसावं लागलं गप्प. यांनी छताकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, ओठ दातांखाली धरून सोडले. मी बसलेच होते. आणि मग यांनी वाक्य पुरं केलं.

डोकं उठतं असं त्यात काही नव्हतं. दुसरंच होतं.

आता उभं राहून सांगायची पाळी माझी. सगळा वर्ग बघतोय, मेडिकलवाल्या वहिनींनी तर कान टवकारलेले. मी उभी राहिले आणि म्हटलं, “ही सेड नथिंग.” काही म्हणाले नाहीत.

पेन वाजलं नाही. चुकीच्या उत्तराला बाई कधी सोडत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाल्या, “व्हेरी गुड.” म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. तेवढंसुद्धा मला एकटीला मिळालं नाही, बघा.

तुम्ही सगळ्यांनी यांचा गुडघा ऐकला, कबुतरं ऐकली, पोहणं ऐकलं. हे एक मी देणार नाही.

बाई, तुम्ही आता मुलीकडे राहायला निघालात. सुखानं राहा. तुमची आठवण आम्हाला येईल, यांना जरा जास्त येईल, ते मी बघून घेईन. वर्ग बंद होतोय, पण आमच्या घरी चहाच्या वेळी अर्धा तास इंग्रजी चालू केलंय. मराठीत मी फार पुढे पळते. इंग्रजीत हे मला गाठतात. ही रीत तुम्ही दिलीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानते. हेवा वाटतो तो वाटतोच, त्याला माझा इलाज नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी जांभई दाबून ऐकलं, त्यांचीही मी आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल तर पोटात घाला. उशीच्या खोळीसकट.

माझ्यानंतर आमचे हे बोलणार आहेत, इंग्रजीत. या, माईक घ्या. मी पहिल्या रांगेत बसते आणि मध्ये बोलत नाही. बाईंबद्दल हवं ते सांगा. शटरचं तेवढं काढू नका.