स्पीकरवर न आलेली मुंबई

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बुधाजी अण्णा, प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या माझ्या पाचवीच्या बाई, व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाचे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या मावश्या, काका आणि जागा असूनही मागे भिंतीला टेकून उभी राहिलेली तरुण मंडळी, सर्वांना जय भीम.

मला माईकसमोर बोलायची सवय नाही. तोंडून काही वावगं जाऊ नये म्हणून काल मी भाषण लिहून आईला वाचून दाखवलं होतं. पण आत्ता आपले सचिव गजादादा यांनी माझा जो परिचय करून दिला, तो ऐकून मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आहे.

गजादादा म्हणाले, "आपल्या भिसेगावची ही लेक, घरातली पहिली शिकलेली, आज मुंबईत रक्तपेढीत टेक्निशियन आहे. चार वर्षं तिनं त्या शहरात काढली, पण कधी समुद्र पाहिला नाही, कधी हौसेचा घास खाल्ला नाही, हसायलासुद्धा तिला सवड मिळाली नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्या. माझी आईसुद्धा वाजवत होती.

गजादादा, मी समुद्र पाहिला आहे.

हसू नका. मला राग आला आहे आणि तो का आला, ते नीट सांगायचं आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत जागृती बसली आहे. तिला मुंबईत नर्सिंगला प्रवेश मिळाला, म्हणून आज आपण तिला शाल दिली, गुच्छ दिला, फोटो काढला. आणि प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस सोमवार. तिचे वडील जगदीशकाका तो पक्का करणार नाहीत. हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. मग आपण सत्कार कशाचा केला? न घेतलेल्या प्रवेशाचा?

आज सकाळी आमच्या अंगणात काका मला म्हणाले, "समिधा, तुझे हाल आमी कानानं ऐकलेत गं. माझी पोर मी त्या खाईत नाय टाकायचा."

काका खोटं बोलत नाहीत, त्यांनी ऐकले आहेत. पण काय ऐकलं आणि कसं ऐकलं, हेही आज सांगायला हवं.

बाहेरच्या पाहुण्यांना माहीत नसेल, आमच्या आळीत गावाबाहेर गेलेल्या मुलाचा फोन हा एकट्या घराचा फोन नसतो. संध्याकाळी तो ओट्यावर मधोमध ठेवतात, स्पीकर लावतात आणि शेजारपाजार भोवती बसतो. मी नळाला पाणी नसल्याचं सांगितलं, आळीनं ऐकलं. ताप आल्याचं सांगितलं, आळीनं ऐकलं. आडनाव विचारून झाल्यावर घरमालकीण बाईंनी "खोली कालच गेली" म्हणून सांगितलं, तेही ऐकलं. जगदीशकाकांचा आवाज मला पलीकडून यायचा, "काय दिवस आले पोरीवर!" माझ्यासाठी जीव तुटायचा त्यांचा. ते मी विसरलेले नाही.

पण मी म्हणायचे, "आई, आज काय मज्जा झाली सांगू?" की आईचा आवाज बारीक व्हायचा. "थांब गं, स्पीकर चालू हाय!" मग खट्. फोन तिच्या कानाला. आणि तरी वर विचारायची, "हां, आता बोल. पण हळू. हसतीयेस काय एवढी? लोक काय म्हनतील, पोरगी शिकाया गेली का जत्रेला?"

आई, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू एकटी नव्हतीस. या आळीतल्या प्रत्येक मुलीचा फोन असाच अर्धा ऐकला जातो. आणि या गजादादांचा? दादा पुण्याला कंपनीत होते, तेव्हा त्यांचे फोन आम्ही अथपासून इतिपर्यंत ऐकले. सिनेमा पाहिला, वा. मित्रांबरोबर सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली, वा वा. गोव्याला जाऊन आले, तर अण्णांनी त्यांनाच उभं करून तिथला किस्सा सांगायला लावला होता. तेव्हा कुणालाच स्पीकर बंद करावासा वाटला नाही. मुलगा मजेत असला की त्यानं शहर जिंकलं. मुलगी मजेत असली की ती हातची गेली. हा कुठला न्याय?

तर आज हा सभागृहाचा स्पीकर आहे आणि तो बंद करायचं बटण गजादादांच्या पायाशी आहे. दादा, कृपा करून पाय जरा बाजूला घ्या.

माझी खोलीतली सोबतीण होती नाजनीन, आपल्या खोपोलीजवळच्या शिळफाट्याची. आम्ही दोघी शिवडीच्या खाडीवर गेलो होतो. थंडीत तिथं चिखलात गुलाबी पक्षी उतरतात, हजारोंनी, आणि बघायला तिकीट नाही. नाजनीन तासभर बघत राहिली आणि म्हणाली, "बघ ना गं, एवढ्या घाणीत उभे आहेत आणि कपडे कसे स्वच्छ!" खोली नाकारली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. आदल्या रात्री मी बॅग भरली होती, परत यायला. ते बघून आल्यावर बॅग रिकामी केली. खोली नाकारल्याचं तुम्ही ऐकलंत. बॅग रिकामी का झाली, ते मात्र स्पीकरवर आलं नाही.

दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसायला मिळालं, तर मी उतरायचा थांबा मुद्दाम चुकवते. बागेतल्या बाकावर एकटी पाय पसरून शेंगा खाते. "ही कोणाची गं?" असं कोणी विचारत नाही. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. इथं कर्जतच्या बाजारात मी कधी पाय पसरून बसले आहे का, आठवून बघा.

आणि मी पोहायला शिकले. पालिकेच्या तलावात, बायकांच्या वेळेत. आता खरं सांगा, आपल्या गावाला उल्हास नदी आहे. आपल्या घरातली मुलं तिच्यात उड्या मारून मोठी झाली आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत, धूत बसलो. नदीकाठची मुलगी मी, आणि पाठीवर पडून तरंगायला मला मुंबईला जावं लागलं. कान पाण्याखाली होते, कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं आणि वर नुसतं आकाश. मी रडले. आनंदानं रडले, बाई. पाण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला मी सांगायला नको. पाणी सगळ्यांचं म्हणून आपली माणसं तळ्याच्या सत्याग्रहात लढली. त्या सगळ्यांत आम्ही मुली नव्हतो का?

माझी बाजू मांडताना शहराचं खोटं कौतुक मी करणार नाही. मुंबई कठीण आहे. खोली गळते, पगार पुरवावा लागतो, एखाद्या सणाला फार एकटं वाटतं. जागृतीलाही हे सगळं होईल, मी लपवत नाही. पण तुम्ही धरून चाललात की मी ते हाल सोसून टिकले. नाही. हाल सोसून कोणी टिकत नाही, हालांनी माणूस खचतो. मी टिकले ती त्या पक्ष्यांवर, शेंगांवर, नाजनीनच्या टिंगलीवर. ती चैन नव्हती. तो माझा रोजचा भाकरतुकडा होता आणि तोच तुम्ही माझ्या परिचयातून काढून टाकलात.

म्हणून जगदीशकाका, हात जोडून एक सांगते. मुलीला पाठवायचं की नाही, तुम्ही बाप आहात. पैशाची अडचण असेल तर तसं म्हणा, भीती वाटत असेल तर तसं म्हणा. पण माझं नाव पुढे करून तिला अडवू नका. आपण दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला जातो. रांगेत उभे राहतो, वंदन करून परत निघतो. पाठीमागेच समुद्र असतो. तो दिवस दुःखाचा, त्या दिवशी नकोच. पण एखाद्या साध्या रविवारी तुम्ही लेकीबरोबर या, चौकशीला नव्हे, फिरायला. कधी आला आहात असे?

काय म्हणालात, काका? माईक नाही तुमच्याकडे, मोठ्यानं बोला. "त्या तलावात बुडली म्हंजे?" काका, उथळ बाजूला पाणी छातीएवढं आहे, पाय टेकतात. शिकवायला बाई असतात. मीही असेन.

हो अण्णा, वेळ झाली, चिठ्ठी मिळाली. एकच मिनिट. एवढ्या भाषणांत जागृतीला कोणी काही विचारलेलंच नाही, मीसुद्धा नाही. काका, तुम्हीच विचारा तिला. इथंच, सगळ्यांसमोर.

... "जायाचं हाय का गं तुला?" काकांनी विचारलं आहे. मागे ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. जागृती, हा माईक घे. घाबरू नकोस, मलाही माईकची सवय नाही.

ऐकलंत सगळ्यांनी? ती म्हणाली, "जायाचं हाय. पन हाल काढाया नाय, शिकाया आनि जगाया."

काका, तुम्ही मान हलवलीत ती होकाराची की डोळे पुसताना हलली, मला इथून कळत नाही. नाजनीनची खोपोलीला बदली झाली, तिची खाट माझ्या खोलीत रिकामी आहे. सोमवारी पहाटे मी निघते. तुमच्या दारात थांबेन.

मंडळानं माझ्यासारखीला हा मान दिला, बाई एवढ्या लांबून आल्या, तुम्ही उकाड्यात बसून ऐकलंत, मी सर्वांची मनापासून आभारी आहे. वडीलधाऱ्यांसमोर माझा आवाज चढला, गजादादांना भर सभेत बोलले, अण्णांची चिठ्ठी डावलली. लहान समजून माझं उणंअधिक पोटात घाला. जागृती आत्ता जे बोलली, ते मात्र ध्यानात ठेवा.

जय भीम.