घरात मास्क, ऑटोत नाक मोकळं

लिहा भाऊ, मी मनोहर, मूळचा चांदूर बाजारकडच्या खेड्यातला, जन्मलो तो शिंकतच, माय सांगे का पोट्टं रडलं नाही, अशी शिंक देली का दायीच्या हातातला कंदील विझला, आता खरं-खोटं मायच जाणे अन् ते काही साक्ष द्यायले राहिली नाही. लग्न झालं, अकोल्यात आलो, जुन्या शहरात खोली घेतली, अन् तवापासून शाळेचे पोट्टे ऑटोत नेणं-आणणं हाच धंदा. काय सांगू तुमाले, धंदा पोट्ट्याईचा नाही, रोगराईचा. चौदा पोट्टे बसत अन् त्याईच्या नाकात चाळीस रोग. सर्दी समोर, गालफुगी मांगं, कांजण्या माह्या बाजूले मांडीवर दप्तर घेऊन बसे. एका हिवाळ्यात मी असा शिंकलो का बंद ऑटो किक न मारता सुरू झाला, इचारा स्टँडवर कोणालेही.

अन् तो सारा माल संध्याकाळी घरी नेऊन मी कुसुमले देत होतो. कुसुम म्हणजे आमची मंडळी, तिले दमा. मी दोन दिवस शिंकून मोकळा, तिची मात्र छाती भरे, पंप ओढून ओढून थके, अन् दरसाल थंडीत दवाखान्यात भरती ठरलेलीच. ते म्हणे, अवो, तुमी पोट्टे पोचवता शाळेत अन् त्याईचा खोकला आणून देता मले.

मंग आला कोरोना. शाळा बंद, ऑटो दारात, हेडलाइटात चिमणीनं घरटं केलं, पिल्लं झाली, ते पिल्लं उडून गेली तरी शाळा काही उघडली नाही. कुसुमनं जुन्या लुगड्याचे मास्क शिवले, जरीकाठासकट. मी किराणा आणायले निघालो का गल्ली म्हणे, नवरदेव चालला. आमच्या स्टँडवरचा गजानन, माहा जुना दोस्त, त्याचा मास्क खिशातच राहे, म्हणे श्वास कोंडते. तो गेला. त्याचं तोंडही पाहू देलं नाही कोणी आमाले. हे मी वाढवून सांगून नाही राहिलो.

पण घरात आक्रीत झालं. ते हिवाळे आले तसे गेले, कुसुम भरती झालीच नाही. पंप कपाटावर, त्याच्यावर धूळ. मले तं शिंकही येईना, मले वाटलं माहं नाक मेलं.

त्याच काळात आमच्या सुनेले लेक झाली, ईशू. बाहेर जाणारा मी एकटा, म्हणून मास्क बांधूनच तिले घ्यावं लागे. उष्टावण केलं तं तिचा मामा येऊ शकला नाही, मीच मामा बनून पहिला घास चारला, तोही मास्क बांधूनच. पोट्टीले वाटे, आबाले तोंडाच्या जागी जरीकाठच असते. एकदा चहा प्यायले मास्क खाली केला, तं माह्या मिशा पाहून तिनं असा टाहो फोडला का मोर्णा नदीच्या पलीकडले लोक दारात आले.

मंग शाळा उघडल्या, मास्क गेले, अन् भाऊ, इतके दिवस स्टँडवर थांबलेले सारे रोग एकदम माह्याच ऑटोत चढले. मी शिंकलो, अन् दोन दिवसांत ईशू आजारी पडली. दोन वर्षांची पोट्टी, तिच्या नाकाले सर्दी माहीतच नाही. छातीत घरघर, फासळ्या आत ओढून श्वास घे. लेकराईच्या दवाखान्यात नेलं तं एका पलंगावर दोन-दोन, सारे तिच्याच वयाचे. पोट्टी रडे, कोणाच्या हातात थांबेना. नर्सनं तोंडाले वाफेचा मास्क लावला अन् एकदम गप. आबा, आबा, म्हणे, अन् त्या प्लास्टिकवरून हात फिरवे. मी इकडे उभा, उघड्या मिशांचा, परका.

मी डॉक्टरले इचारलं, साहेब, मास्क चांगला होता का वाईट, एका शब्दात सांगा. ते म्हणे, काका, या लेकरांना सर्दीचे जंतू भेटलेच नाहीत, आता सगळे एकदम भेटतायत. पण मास्क नसता तर तुम्ही हे विचारायला उरला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही. म्हटलं, साहेब, हे लय शब्द झाले. ते म्हणे, एक शब्द माझ्याकडे नाही. मले गजानन आठवला.

ईशू बरी झाली, घरी आली. तं त्याच थंडीत कुसुम भरती. आता घरात दोन पार्ट्या. सून म्हणे, पोट्टीले पोट्ट्याईत मिसळू द्या, थोडं थोडं होऊ द्या, अंगात ताकद येईन. कुसुम म्हणे, तिले थोडं थोडं होते, मले पुरं होते. कोणाले खोटं म्हणू? दोघीही खऱ्या, मधात मी, अन् माहा ऑटो.

मंग मी उलटा मार्ग काढला. सारं जग बाहेर मास्क लावे अन् घरी काढे, मी घरी कुसुमसाठी लावतो अन् ऑटोत ईशूसाठी काढतो. स्टँडवाले म्हणतात, मनोहरभाऊचा पेच ढिला झाला. म्हणोत. ईशू आता शाळेत जाते, माह्या बाजूले बसते, मिशा ओढून पाहते का खऱ्या आहेत का नाही.

परवा संध्याकाळी तिच्या नाकाचा नळ चालू. मी दारात मास्क बांधत होतो, त्याच्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही असा कुसुमचा हुकूमच आहे. तेवढ्यात ईशू माह्या पायातून पळाली, थेट आजीच्या मांडीत, अन् तोंडावरच शिंकली. म्हटलं, झालं, चला दवाखान्यात. कुसुमनं एका हातानं पंप ओढला अन् दुसऱ्या हातानं पोट्टीले आणखी जवळ घेतलं, म्हणे, शिंक माय, मोकळी शिंक, शंभर वर्षांची हो.

अन् माह्याकडे पाहून म्हणे, तुमी काय पाहून राहिले? वर घ्या तो मास्क, नाक दिसून राहिलं.